विळा लाल होईपर्यंत

विठाबाईच्या हाताला गुण आहे, हे उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या तिन्ही वाड्यांना ठाऊक होतं. बैल लंगडला, म्हशीची कास सुजली, शेळीच्या मानेला गाठ आली की माणसं जनावर ओढत तिच्या अंगणात आणायची. ती चुलीत विळा घालायची. टोक लाल झालं की नेमक्या जागी टेकवायची. चर्र व्हायचं, जनावर तडफडायचं, आणि चार दिवसांनी चरायला जायचं. न जाणारंही एखादं असायचं, पण त्याचं नाव कोणी काढत नसे. गुण आला तर तो हाताचा, नाही आला तर नशिबाचा. ही वाटणी वाडीत फार जुनी.

माणसांच्या पोरांनाही ती डाग द्यायची. पोर तापलं, डोळे फिरले, हातपाय आखडून झटके द्यायला लागलं की ती आकडी. आकडीला बेंबीच्या वर तीन ठिपके. आजवर सात पोरं तिच्या हाताखालून गेली. पहिला तिचाच मुलगा, जितेश, दोन वर्षांचा होता तेव्हा. आता तो सत्तावीस वर्षांचा बाप्या आहे आणि महाडच्या कारखान्यात ड्रम उचलतो. सातांतली सहा पोरं अशीच धडधाकट. सातवा तुळजाबाईचा रामा, तो राहिला नाही. त्याला बारा वर्षं झाली. त्याचा विषय कोणी काढत नाही, तुळजाबाईही नाही, आणि तिचं घर तर विठाबाईच्या घराला लागून.

मार्गशीर्षातला मंगळवार होता. जितेशची पोर, दीड वर्षाची श्रुतिका, पहाटेपासून तापली होती. सून अमिता पाण्याला गेली होती. विठाबाईने नातीला घोंगडीत घट्ट गुंडाळलं आणि चुलीच्या धगीला मांडीवर घेऊन बसली. घाम फुटला की ताप उतरतो, हे तिचं शास्त्र. पोर आतल्या आत भाजून निघत होती आणि आजी वरून आणखी पदर पांघरत होती. मायेनेच.

बघता बघता पोरीची बुबुळं वर गेली. मान मागे ताठली. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, आणि हातपाय असे उडायला लागले की घोंगडीत जणू दुसरंच कोणी जनावर शिरलंय. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले.

विठाबाई घाबरली, पण गोंधळली नाही. गोंधळ नंतरचा आहे. तिने पोरीला गोणपाटावर ठेवलं, आढ्याचा विळा काढला, टोक निखाऱ्यात खुपसलं आणि फुंकणी तोंडाला लावली.

अमिता हंडा घेऊन उंबऱ्यात आली, ती तिथेच उभी राहिली.

"आकडी हाय गो," विठाबाई फुंकता फुंकता म्हणाली. "पाय धर तिचं. हे काय, तापलाच आता."

अमिताने पोरीकडे बघितलं, मग विळ्याकडे. ती पोलादपूर बाजाराजवळची, दहावीपर्यंत शिकलेली. पण दहावीच्या पुस्तकात हे नव्हतं. तिने बघितलेलं होतं ते नवऱ्याचं पोट. तीन डाग, गुळगुळीत, ओल्या गारगोटीसारखे. लग्नानंतर तिने एकदा विचारलं होतं, दुखलं असेल ना हो. जितेश म्हणाला होता, मला काय आठवतंय, पण आये सांगते मी दोन दिवस मोठ्यानं रडत होतो.

तिने पाय धरले नाहीत. हंडा तिथेच टाकला, पोर उचलली आणि पळत सुटली.

"अगो, कुठं चालली? अमिता!"

विठाबाईने विळा बाहेर ओढला. टोक लालबुंद. आयुष्यात अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. विळा तयार आणि पेशंट पसार. ती तशीच अनवाणी, हातात लाल विळा घेऊन सुनेच्या मागे धावली. कोणी लांबून बघितलं असतं तर सासू सुनेचा खून करायला निघाली म्हणून उद्या गावभर झालं असतं.

खाली रस्त्यावर इरशादचा पिकअप उभा होता. महाडचा इरशाद दर मंगळवारी बकऱ्या न्यायला यायचा. मागे चार बकऱ्या चढवून तो दोर बांधत होता. अमिता थेट पुढे जाऊन बसली. तिला दम लागला होता. इरशादने पोरीचं तोंड बघितलं आणि दोर अर्धाच सोडून गाडी चालू केली. तेवढ्यात विठाबाईने दार उघडून स्वतःला आत कोंबलं.

"मावशी, ते हातात काय?"

"विळा."

"ते दिसतंय मला. सीट जळेल माझी."

"थांबव जराशी. खाली पाचोळा हाय, पेटवून परत तापवते. पोरीला द्यायचाय."

"माझ्या गाडीतनं बकऱ्या पण बिनडागाच्या जातात मावशी, ही तर पोर हाय."

"तुला काय कळतंय रे. तू बकऱ्या विकणारा."

"माझ्या पोरीला झालंय हे, तूबाला. दोन वर्षांची होती." इरशादने वळण घेतलं, मागे बकऱ्या एका अंगाला घसरल्या. "अम्मीने कांदा फोडून नाकाला लावला. मी शहाणा, चमचा घेतला आणि दातांत घातला. जीभ चावेल म्हणून. आकडी गेली आणि पुढचा दात पण गेला. अजून फोटोत हसत नाय ती. माझ्यावर राग हाय तिचा."

"आणि आकडी?"

"परत दोनदा आली. मग आलीच नाय. आता आठवीला हाय."

"मग काय दिलंत तिला?"

"काय नाय दिलं."

विठाबाईने मान फिरवली. काही न देता आकडी जाते म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं. मग तिच्या लक्षात आलं की अमिता केव्हाची मांडीवर बघतेय आणि हूं की चूं करत नाहीये. पोर ढिली पडली होती. हात लोंबत होता.

"आत्याबाई," अमिता म्हणाली, "हाय का ही?"

विठाबाईने नाकाशी बोट धरलं. श्वास होता, जाड, घोरल्यासारखा. पोर झोपली होती.

"कधी थांबली?"

"मला नाय माहीत. मी पळत व्हते."

विळा लागलाच नव्हता. मग थांबली कशी? विठाबाईने हातातल्या विळ्याकडे बघितलं. टोक आता काळं पडलं होतं.

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्याच्या दारात वॉचमनने अडवलं. विळा आत नेता येणार नाही म्हणाला. विठाबाई म्हणाली, माझ्या सासूच्या सासूचा हाय, बाहेर ठेवला तर जाईल. शेवटी इरशादने तो सीटखाली टाकला आणि शपथेवर सांगितलं की विकणार नाही.

आतली डॉक्टरीण पोरसवदा, घाटावरची असावी. बाहेर बाकावर वीस माणसं खोळंबलेली. तिने आधी घोंगडी सोडवून बाजूला केली, ताप मोजला, घसा बघितला, मान वाकवून बघितली, टाळूवर हात फिरवला.

"किती वेळ झटके येत होते?"

अमिताने सासूकडे बघितलं. सासूने भिंतीकडे.

"घशाचा ताप आहे," डॉक्टरीण म्हणाली. "ताप चढला की काही मुलांना अशी आकडी येते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. दोन-तीन मिनिटांत बहुतेक आपोआप थांबते. याने मेंदू बिघडत नाही, आणि अशा बहुतेक मुलांना पुढे फेफरंही होत नाही. घाबरण्यासारखं काही नाही."

काही नाही. विठाबाईच्या डोळ्यांसमोर जांभळे ओठ होते. पोर डोळ्यांदेखत मरून परत आली आणि ही बाई म्हणते काही नाही. एक तर ही खोटं बोलते, नाही तर हिने कधी कोणाचं पोर मांडीवर असं उडताना बघितलेलंच नाही.

तेवढ्यात जितेश आला, इरशादने फोन केला म्हणून. महाडहून कोणाच्या तरी मोटारसायकलवर, कारखान्याच्याच कपड्यांत, अंगाला आंबूस वास. "कुठाय?" म्हणाला, पोरीला हात लावला, मग हात वास येतो म्हणून मागे घेतला. अमिताने नवऱ्याला सगळं सांगितलं. विळ्याचंही. ते डॉक्टरणीने ऐकलं.

"विळा तापवला? आजी, कुठल्या काळात राहता तुम्ही? एवढ्याशा पोरीला चटके? पोलिसात द्यायला पाहिजे तुम्हाला."

बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून वाकून बघायला लागली. विठाबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. जितेशने सदरा वर केला.

"म्याडम, मला दिलते हे. ते दिलं म्हणून मी हाय."

डॉक्टरीण त्या तीन ठिपक्यांकडे बघत राहिली. मग साधेपणाने म्हणाली, "नसते दिले तरी असता तुम्ही."

ती खरं बोलली होती. पण खरं असं अंगावर फेकलं की माणूस आधी अंग चोरतो. जितेशने सदरा खाली केला. आईकडे बघितलं नाही.

"मग थांबायची कशी?" विठाबाईने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मी टेकवला की थांबायची. ह्या डोळ्यांनी बघितलंय. एकदा नाय, सहा वेळा."

"योगायोग असेल आजी." डॉक्टरणीचा हात पुढच्या पेशंटच्या कागदावर गेला होता. योगायोग म्हणजे काय, हे विठाबाईला कोणी सांगितलं नाही. रागवायला वेळ होता, सांगायला नव्हता.

अमिताला मात्र तिने नीट बजावलं. "परत आली तर कुशीवर निजवायचं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. आजूबाजूचं टोचणारं, जळणारं दूर करायचं. आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर एक क्षण घालवायचा नाही, उचलून खाली आणायचं. कधी कधी ताप वेगळाच असतो, मेंदूत शिरलेला. ती आकडी थांबत नाही. तिथे उशीर झाला की मूल हातातनं जातं."

ती थांबत नाही. विठाबाईने एवढंच ऐकलं. दवाखान्याच्या फरशीवर तिला रामा दिसला.

रामाची आकडी थांबली नव्हती. तिने एकदा विळा टेकवला, झटके चालूच. परत तापवला, परत टेकवला. परत तापवला. तुळजाबाईने पोराचे पाय धरले होते, दोन्ही हातांनी, तोंड फिरवून.

घरी आल्यावर श्रुतिका दुसऱ्या दिवशी अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होती, जणू काही झालंच नाही. झालं होतं ते विठाबाईला. हातातली भाकरी तव्यावर करपायची. रात्री ती उठून पोरीच्या नाकाशी बोट धरायची. पलीकडच्या वाडीतून एकजण बैल घेऊन आला, त्याला म्हणाली हात दुखतोय, परत ने. तो म्हणाला, मावशे, दुसऱ्या हातानं दे की. ती आत निघून गेली.

रविवारी जितेश आला तेव्हा तिने विचारलं, "पाच मिनिटं म्हंजे किती रे?"

त्याने मोबाईल दाखवला. आकडे पळत होते. तिला आकडे वाचता येत नव्हते, आणि पळणारे तर नाहीच.

"आये, पाच मिनिटं म्हंजे..." तो अडकला. "चहा उकळंल इतकी."

"किती माणसांचा?"

जितेश हसला. ती हसली नाही. तिने आढ्याचा विळा काढला आणि निखाऱ्यात खुपसला.

"आये, काय करतेस?"

"तुझ्या त्या मोबाईलात बघ. ह्याला लाल व्हायला किती लागतात."

तिने नेहमीसारखं फुंकलं. चार फुंकरी, थोडी थांब, परत चार. जितेश उंबऱ्यावर बसून मोबाईल बघत होता. अमिता पोरीला कडेवर घेऊन दारात उभी, अंतर राखून. टोक आधी काळं, मग निळसर, मग वांग्याच्या रंगाचं, मग हळूहळू तांबडं, आणि मग तो लालबुंद रंग, जो विठाबाईला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

"झाला," ती म्हणाली.

"पाच मिनिटं आणि वर थोडं."

चुलीत लाकूड तडकलं.

"म्हंजे," अमिता हळू म्हणाली, "आपली आकडी दोन-तीन मिनिटांत..."

"कळलंय मला," विठाबाई म्हणाली.

पण कळलं कुठं होतं. दोन-तीन मिनिटांची आकडी आणि पाच मिनिटांचा विळा. विळा लाल होईतो पोर गप पडलेलं असायचं, नाही तर शेवटचे झटके देत असायचं. ती टेकवायची आणि ते रडायला लागायचं. रडलं, म्हणजे जीव आला. सगळे म्हणायचे, विठाबाईच्या हाताला गुण आहे. पोर शुद्धीवर येत होतं ते आपसूक, आणि रडत होतं ते भाजल्यामुळे. बस, एवढंच होतं ते. एवढ्यासाठी सहा पोटांवर अठरा ठिपके. त्यांतले तीन समोर उंबऱ्यावर बसले होते आणि सदऱ्यावरून नकळत हात फिरवत होते.

"मला आठवत बी नाय आये," जितेश म्हणाला. "जाऊ दे."

जाऊ दे म्हणायला त्याला सोपं होतं. तिने विळा पाण्यात बुडवला. पण सगळंच खोटं म्हणावं, तर जनावरं बरी व्हायची ती? तीही आपसूक? आणि तिच्या सासूने, सासूच्या सासूने जन्मभर केलं, त्या काय वेड्या होत्या? आणि डॉक्टरीण शहाणी, तर ती पोलिसात द्यायला निघाली, पण इतकी साधी गोष्ट तिला सांगता आली नाही. शेवटी सांगितली ती विळ्याने. विठाबाईला कोणाचा राग करावा तेच समजेना. म्हणून ती कोंबड्यांवर ओरडली.

माघात पोरीला परत ताप आला. अमिताने औषध पाजलं, अंगावरचं काढून पातळ झबलं घातलं, आणि तांदूळ आणायला खाली रेशनच्या दुकानात गेली. औषध तापाला होतं, आकडीला नव्हतं. हे डॉक्टरणीने सांगितलं होतं, तरी तिला वाटलं आता नाही यायची. मोबाईल तिच्याबरोबर गेला.

दुपारी श्रुतिका आजीच्या मांडीवरून घसरली आणि ताठ झाली.

सगळं तेच. पांढरे डोळे, फेस, जांभळे ओठ. विठाबाईने तिला कुशीवर वळवलं, गोणपाटावर, चुलीपासून लांब. गडवा, परात बाजूला सारली. तोंडाकडे गेलेलं बोट मागे घेतलं. मग हात रिकामे राहिले. काही न करता बसणं हे किती अवघड काम आहे, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. तिच्या हातांना पंचवीस वर्षांची सवय. ते आपोआप आढ्याकडे गेले.

अमिता पिशवी घेऊन दारात आली तेव्हा तिने बघितलं ते असं: पोर झटके देतेय, चुलीत विळा, आणि सासूच्या तोंडाला फुंकणी.

पिशवी पडली. तांदूळ उंबऱ्यावर सांडले. "आत्याबाई, हात लावाल तर..." ती पुढे झेपावली.

"गप," विठाबाई म्हणाली. तिने फुंकणी तोंडापासून जेमतेम हलवली, डोळे विळ्यावरून हलवले नाहीत. "डागायला नाय. बघाया. लाल झाला की उचलायची आणि पळायचं. हाक मार, रस्त्याला गाडी हाय का बघायला सांग. चार फुंकरी झाल्या... ही दुसरी बारी."

अमिताला क्षणभर कळलंच नाही. मग तिने मोबाईल काढला, पण आकडी कधी सुरू झाली तेच माहीत नव्हतं, म्हणून तो परत खाली ठेवला आणि पोरीच्या पाठीशी बसली. दोघी बायका, एक पोरीकडे बघत, एक विळ्याकडे.

टोक काळं. निळसर. विठाबाई फुंकत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणत होती, तापू नको बाबा. दमानं घे.

टोक वांग्याच्या रंगाचं झालं. "आत्याबाई," अमिता म्हणाली. पोरीचा एक पाय उडाला, मग दुसरा, थोडासा, आणि मग हातपाय सैल पडले. श्वास आला, जाड, घोरल्यासारखा. ओठांचा रंग फिरला.

विठाबाईने विळा बाहेर ओढला. तांबडा झाला नव्हता. तिने तो चुलीच्या कडेला ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

दारात तुळजाबाई उभी होती. आवाज ऐकून आली होती, केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने पोरीकडे बघितलं. पोरीचं झबलं वर सरकलेलं, पोट कोरं.

"दिलास?" तिने विचारलं.

"नाय."

"मग थांबली कशी?"

विठाबाईला खोटं बोलता आलं असतं. देवाने थांबवली म्हणता आलं असतं, दवाखान्याचं औषध म्हणता आलं असतं. वाडीत कोणी तपासायला येणार नव्हतं.

"आपआप," ती म्हणाली. "आपआपच थांबते ती. बाकीच्यांची बी तशीच थांबली."

तुळजाबाई उंबऱ्यावर सांडलेले तांदूळ पायाने एका बाजूला करत राहिली.

"माझ्या रामाची नाय थांबली."

"त्याचा ताप येगळा व्हता. त्याला खाली न्यायला पायजे व्हता, पहिल्यांदा विळा लाल झाला तवाच." विठाबाईने फुंकणी खाली ठेवली. "मी तीनदा तापवला. मी इथंच ठेवला त्याला, तुळजा."

अमिताने पोरीला छातीशी घेतलं. बाहेर बकऱ्या ओरडत होत्या.

"तवा रस्ता कुठं व्हता," तुळजाबाई म्हणाली.

रस्ता खरंच नव्हता. रस्ता चार वर्षांमागे आला. त्याआधी दर निवडणुकीला येत होता आणि मतं पेटीत पडली की परत जात होता. तेव्हा खाली जायचं तर झोळीत घालून, पायवाटेने, चार तास. पाच मिनिटांचा हिशोब करणाऱ्यांनी चार तासांचा कधी केला नाही.

पण तुळजाबाई हे माफीचं बोलली की जखमेवर मीठ चोळायचं बोलली, ते विठाबाईला कळलं नाही. तिने तोंड बघितलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तुळजाबाई खाली बसली आणि सुपात तांदूळ भरायला लागली, एकेक दाणा, मातीतला सुद्धा.

"त्यो दे इकडं," मान वर न करता ती म्हणाली.

"काय?"

"विळा."

विठाबाईने विळा दिला. मुठीकडून.

"गार झाला की गवताला नेते," तुळजाबाई म्हणाली. "माझ्या विळ्याची धार गेलीय."